पाळण्याशेजारचं मशीन

सांगली, श्रावण १९४४

आये, तुझ्या राहीचा पाया पडून नमस्कार.

मी हितं बरी हाय. तुला वाटलं तसं नर्सबाईचं काम न्हाई, शिवणकामच शिकते. हे फौजेत जाताना म्हणाले व्हते, "मशीन शीक, लेकरू झालं की पाळण्याशेजारी बसून शिवता येईल." पहिलं झबलं कापून ठेवलंय.

मला शिकायला धाडायला दोन वर्सं नको म्हणणारे मामंजी औंदा एका दिसात व्हय म्हणाले. लय नवल वाटलं.

काल शुक्रवारी शिवणाच्या बाई सगळ्या सवाष्णींना कुंकू लावत आल्या. माझ्यापाशी थांबल्या, त्यांचं डोळं भरून आलं, आन् करंडा झाकून पुढं गेल्या. त्या मामंजींच्या ओळखीच्या हायेत.

कुंकू मी माझ्या हातानं लावलं. ह्यांचं पत्र न्हाई. सासरी तार आलीया का गं? झबलं शिवायला घेऊ का ठेवून देऊ, तेवढं कळव.

तुझी राही