उठवलेल्या बारा पंचांची सोय

मी, व्हर्लीन ओडोम, वय सेहेचाळीस, चर्चच्या गायकांचे झगे शिवणारी, राहणार कॅल्व्हर्ट्स बेंड, मिसिसिपी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती सोमवारी बदलणार आहेत. हे लिहिताना मला कोणी धाक घातलेला नाही. क्लोटील आत्याने पीचची पाई खाऊ घातली, पण त्यामुळे माझे मत बदललेले नाही.

१. घर माझा धाकटा भाऊ रोझेल याला. न केलेल्या दरोड्यासाठी तो राज्याच्या तुरुंगात आहे. त्याचा खटला नव्याने चालवायचा की नाही, हे ऑक्टोबरमध्ये ठरेल. तो येईपर्यंत घर भाड्याने देऊ नये, कारण तिथे माणसे राहतात.

२. ती माणसे म्हणजे पुढच्या खोलीतले बारा पंच. पुऱ्या उंचीचे, कापडाचे. आत झग्यांच्या जांभळ्या चिंध्या. रोझेलच्या खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवणारे ज्युरीचे बारा पंच निवडताना सरकारी वकिलाने सगळ्या काळ्या माणसांना एकेक करून उठवून घरी पाठवले. रंगावरून उठवता येत नाही, दुसरे कारण द्यावे लागते. मग ते कोणतेही चालते. क्लीओफस न्हावी हाताची घडी घालून बसले होते, म्हणून गेले. त्यांच्या शेजारच्याने घडी घातली नव्हती, तो अस्वस्थ दिसतो म्हणून गेला. बालवाडीच्या अर्नेस्टीनबाईंनी घड्याळाकडे पाहिले. च्युइंगम चघळणारा गोरा गृहस्थ मात्र राहिला आणि निकाल लागेपर्यंत चघळत होता.

घरी आल्यावर मी उठवलेल्या प्रत्येकाची बाहुली शिवली. बारा भरायला जे कमी पडले ते पुढच्या खटल्यांनी लगेच पुरवले. ज्याच्या त्याच्या छातीवर त्याला उठवण्याचे कारण भरतकामात आहे. धुताना थंड पाणी वापरावे, नाहीतर कारणांचा रंग उतरतो.

३. गावात कोणताही मोठा खटला सुरू झाला की पंचांना चर्चच्या बसमधून नेऊन न्यायालयासमोरच्या हिरवळीवर घडीच्या खुर्च्यांवर बसवावे. हे काम आजवर मी केले. पोलिसांचा त्रास होत नाही, निदान आता होत नाही. सुरुवातीला डेप्युटी वेड टिलरी आले होते.

"व्हर्लीनबाई, यांना उठवा."

"एकदा उठवलंय त्यांना. आता बसू द्या."

"मग मला कोणाला तरी आत टाकावं लागेल."

"टाका की."

त्यांनी कापडी क्लीओफसना उचलले, गाडीत मागे बसवले, पट्टाही बांधला. संध्याकाळी खरे क्लीओफस दुकान बंद करून ठाण्यावर गेले.

"मला सोडवायला आलोय."

टिलरींनी दोघांचे चेहरे ताडून पाहिले. "यानं जबाब दिला नाही."

"शहाणा आहे. वकिलाशिवाय तोंड उघडायचं नाही, हे आमच्यात लहानपणीच शिकवतात."

४. शिलाईचे यंत्र आणि मोठी कात्री अर्नेस्टीनबाईंना. रोझेलचा खटला पुन्हा उभा राहिला तर पंच पुन्हा निवडतील, आणि मला त्या वकिलांचा अनुभव आहे. कापड कपाटात भरपूर आहे.

५. राजधानीतल्या एका संग्रहालयाच्या बाई पंच विकत घ्यायला आल्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "काळीज हलतं हो! फक्त छातीवरचं लिखाण काढता येईल का? लोक अस्वस्थ होतात." त्यांना एक बटण द्यावे. काचेच्या पेटीत ठेवा म्हणावे.

६. चुलतभाऊ डेमेट्रिस मला म्हणाला होता, "अगं, चिंध्याच त्या! विकून टाक नि छप्पर नीट कर." गळक्या छपराखालची बादली त्याला. भरलेली असल्यास भरलेली.

७. आता रोझेलविषयी. दर भेटीला तो काचेपलीकडून विचारतो, "ताई, आपले बाराजण काय म्हणतायत?"

मी सांगते, "अजून विचार करतायत रे."

"घाई करू नका म्हणावं. मी कुठं जातोय?"

मग आम्ही दोघे हसतो, आणि वेळ संपते. सोमवारनंतर हा प्रश्न त्याने कोणाला विचारायचा, याची मला खरी काळजी आहे. क्लोटील आत्याने जावे. उत्तर हेच द्यावे. ऑक्टोबरचा निर्णय विरुद्ध गेला, तरी पंचांना हलवू नये; त्यांचे काम संपलेले नाही.

तो घरी येईल त्या दिवशी मी असेन किंवा नसेन. त्याला बाराजणांसमोर बसवावे आणि आत्याने मोठ्याने विचारावे, "हा दोषी आहे, असं कोणाचं म्हणणं आहे का?" मक्याचा पाव भाजून होईपर्यंत वाट पाहावी. तोवर कोणी काही बोलले नाही, तर त्याला जेवायला वाढावे.

८. साक्षीदार निवडताना मीही वकिलांचा हक्क बजावला. डेमेट्रिस दोनदा खोकला, त्याला उठवले. पाळकांनी खिडकीबाहेर पाहिले, त्यांनाही. उरलेले दोघे हाताची घडी घालून बसले होते. दोघांनाही ठेवले.

सही: व्हर्लीन ओडोम
कॅल्व्हर्ट्स बेंड, शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
क्लीओफस बर्नेट, न्हावी (खरे)
वेड टिलरी, निवृत्त डेप्युटी