ओटीपी काकांच्या फोनवर

आई,

मी पहिल्या एसटीने रत्नागिरीला, कॉलेजात जाते. आमटी झाकून ठेवली आहे, फक्त गरम कर.

रागावू नकोस. तू बजावलं होतंस, स्कॉलरशिपचं काकांकडे कळता कामा नये. पण माझ्या आधारला अजून त्यांचाच नंबर आहे, आणि ओटीपीशिवाय अर्ज पुढे सरकेना. काल त्यांच्या मागीलदारी गेले, तर ते नारळ सोलत बसलेले. गॅसचा ओटीपी आलाय, असं खोटंच सांगितलं. मेसेजात स्कॉलरशिप लिहिलेलं होतंच. काकांनी आकडे वाचून दाखवले. मला मान वर करवेना. एवढी हापूसची बाग असलेला माणूस आता म्हणणार, दादाच्या पोरीवर ही वेळ आली आणि मला विचारलंसुद्धा नाही!

ते एवढंच म्हणाले, "पहाटे बस गो मने अर्ज भरायला. नंतर ते पोर्टल अडकतं. आमच्या शार्दूलच्या वेळी तसंच झालं." आणि मग त्यांनीच मान खाली घातली.

दुपारी काकू ताक न्यायला येईल. तिला काही विचारू नकोस. तिनेही काकांना बजावलं असणार, वहिनींना कळता कामा नये.

मनी