भाऊजींचे स्वस्तातले बूट

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी डाव्या डोळ्यावर बर्फ धरून बसलो होतो. एकाच डोळ्याने वाचल्यामुळे तुझी निम्मीच बोलणी खाल्ली.

आमच्या पत्र्याच्या कारखान्याने कामगारांना बूट देणं बंद केलं, हे तुला कळवलं होतंच. आता ज्याने त्याने आपले घ्यायचे, आणि पुढच्या टोकाला आत लोखंडाची टोपी नसेल तर आत सोडायचं नाही. गेटसमोरच्या मोठ्या दुकानात मिळतात ते भारी. चकचकीत खोकं, आत पातळ कागद, आणि विकणारा असा बोलतो की घेणाऱ्यालाच लाज वाटावी. म्हणून भाऊजींनी शिवलेला पहिला माल मी गेटवर आणवला. निम्म्या किमतीत तसेच बूट म्हटल्यावर एका सकाळीत सगळे संपले. पहिला जोड आमच्या लंबूने घेतला. तो क्रेनच्या साखळ्या अडकवतो, माझा सगळ्यात जुना दोस्त. बूट घालून तिथल्या तिथे नाचला.

मग दुकानाचा माणूस आला. भाऊजींचा बूट मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून म्हणाला की असले बूट घालून झाडू मारावा, लोखंड उचलू नये. आमच्या वेल्डरने, ज्याला सगळे तोफ म्हणतात, तोच बूट घेऊन त्याच्या थोबाडावर हाणला. माणसाचे दात हलले, पण बुटाची शिवण हलली नाही. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? त्यानंतर त्याचे दोघे धावून आले आणि मलाही हात धुऊन घेता आला. डोळा त्यातलाच आहे.

भाऊजींना सांग, अजून साठ जोड लागतील. रागाव हवं तेवढं, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा,
बारक्या


दि. १० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

अडतीस वर्षांचा मुकादम डोळा सुजवून घेतो आणि बहिणीला लग्नाची बातमी द्यावी तसं कळवतो! शाळेत तू पाटीने एकाचं डोकं फोडलंस तेव्हा मी घरी खोटं बोलून तुला वाचवलं होतं. तेव्हाच मार खाऊ दिला असता तर बरं झालं असतं.

मला वाचताना हसू आलं, यांना आलं नाही. हातातलं काम खाली ठेवून हे म्हणाले की आपल्या बुटाने माणसाचं तोंड फुटलं, यात कौतुक कसलं. शिवाय मालावरून एकदा हाणामारी सुरू झाली की शेवटी जाब मालवाल्यालाच विचारतात.

तुझ्या माणसांना एक स्पष्ट सांग, म्हणजे पुढे बोल नको. यांच्या बुटाचं कातडं पातळ आहे. खोकं नाही, चकाकी नाही, आणि वर्षाच्या वर ते टिकायचे नाहीत. भारी बूट कदाचित तीन वर्षं दिसायला नवे राहतील. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगतात. मी किती वेळा म्हटलं की एवढं खरं बोलायला कोण विचारतंय. पण लोखंडी टोपी आणि तळाची शिवण, या दोन गोष्टींत हे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. प्रत्येक टोपी ऐरणीवर ठेवून घण घालतात, आणि जी दबत नाही तीच बुटात बसवतात. दिवसभर ठणठणाट चालू असतो. परवा स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि मला ते जळाल्याच्या वासावरून कळलं.

साठ जोड घेऊन हे स्वतः वीस तारखेला दुपारी टेम्पोने येतील. आल्याबरोबर जेवायला घाल. हे संकोची आहेत, दुसऱ्यांदा वाढ म्हणायचे नाहीत. तूच न विचारता वाढ.

डोळ्याला जप. आणि हात खिशात ठेवायला शीक.

तुझी,
ताई


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

भाऊजींनी घरी काय सांगितलं मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून ऐक.

एकोणीस तारखेला सकाळी दहाच्या सुमारास साखळी सुटली आणि पत्र्यांचा गठ्ठा काठावर उभा लंबूच्या डाव्या पायावर आला. बुटाची टोपी अंड्याच्या कवचासारखी फुटली. नुसती दबली नाही, तिचे तुकडे त्याच्या बोटांत घुसले. मी पत्रे उचलायला लावले तेव्हा बुटातून रक्त नाडीच्या भोकांवाटे वर येत होतं. गाडीत त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. तो इतका ओरडला की आवाजच बसला, आणि मग तोंड उघडं राहून नुसता वारा येत होता. डॉक्टरांनी तीन बोटं काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ठरल्याप्रमाणे, टेम्पो गेटवर आला. शिफ्ट सुटत होती. दोनशे माणसं असतील. तोफने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की हा बूटवाला मेहुणा कोणाचा. सगळे माझ्याकडे वळले. ताई, मी थांबलो असतो तर त्यांनी मलाच त्यात भागीदार धरलं असतं. म्हणून पहिला हात मी टाकला.

भाऊजींना काही माहीत नव्हतं. मला बघून ते हसले आणि खाली उतरायला माझा हात धरायला गेले. मी कॉलर धरून ओढलं आणि नाकावर ठोसा मारला. मग बाकीचे तुटून पडले. लाथा मारणाऱ्यांच्या पायांत भाऊजींचेच बूट होते. ते काहीतरी विचारत होते, पुन्हा पुन्हा तेच. मी ऐकून घेतलं नाही. उठायला त्यांनी टेम्पोच्या दाराच्या चौकटीला उजव्या हाताने धरलं, आणि मी दार लोटलं. पूर्ण जोराने. हाडं मोडल्याचा आवाज दोनशे माणसांनी ऐकला असेल, कारण त्यानंतर एकही लाथ पडली नाही.

मला पश्चात्ताप नाही. निम्म्या किमतीसाठी मी माझ्याच माणसांच्या पायांत कागदी टोप्या घातल्या आणि त्या मला तुझ्या नवऱ्याने विकल्या. घणाच्या ठणठणाटाच्या गोष्टी आता दुसऱ्या कोणाला सांग.

यापुढे मला पत्र लिहायचं की नाही, ते तू ठरव.

बारक्या


दि. २ मार्च

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. तो आला की लिहीन.

हे घरी आले ते हात पंच्यात गुंडाळून. नाक सुजलेलं, दोन बरगड्या मोडलेल्या. मला म्हणाले की वाऱ्याने टेम्पोचं दार आपटलं आणि हे रस्त्यावर पडले. मी विश्वास ठेवला. सहा दिवस मी त्या टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या आणि हे गप्प ऐकत बसले. तुझं नाव यांनी घेतलं नाही. मला खरं कळलं ते तुझ्या पत्रातून. ते मी उभ्याने दोनदा वाचलं.

मी यांना काही विचारलं नाही. कातडं कापायची रापी आणि घण पिशवीत टाकला आणि सकाळच्या बसने तुझ्या गावी आले. तुझ्या दारावरून गेले, पण आत आले नाही.

इस्पितळात लंबूच्या बायकोला मी कोण ते सांगितलं. तिने माझ्या थोबाडीत एक मारली. मी खाल्ली. मग म्हटलं, तुझ्या जागी मीही मारली असती, आता मला बूट दाखव. तो खाटेखाली पिशवीत तसाच होता, रक्ताने कडक झालेला. रापीने चिरायला घेतला आणि पहिल्याच चिरेत माझा हात थांबला. तळ शिवलेला नव्हता, नुसता चिकटवलेला होता. टोपी प्लास्टिकची होती, वर चंदेरी रंग. आणि आतल्या जिभेवर मोठ्या दुकानाचा सोनेरी छाप.

लंबू भिंतीकडे तोंड करून रडला. मग त्याने सांगितलं. दुकानाच्या माणसाचं बोलणं त्याच्या मनात राहिलं होतं. आठवडाभरात त्याने यांचा जोड आपल्या भावाला दिला आणि गुपचूप भारी जोड आणला. तुझं वाईट वाटेल म्हणून तुला सांगितलं नाही. दोन्ही काळेच, कोणाला कळणार? तू गेटवर काय केलंस हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. भेटायला येणारे त्याच्याशी जपून बोलत होते.

त्याच्या भावाकडून यांचा जोड मागून घेतला आणि इस्पितळाच्या अंगणात दगडावर ठेवून मी घणाचे अकरा घाव घातले. कातडं फाटलं. टोपी दबली नाही. ही आणि ती फुटकी प्लास्टिकची, दोन्ही टोप्या या पार्सलात आहेत. हातात घेऊन बघ.

यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वाकणार नाहीत. डॉक्टरांनी कालच सांगितलं. त्या हाताने हे रापी धरू शकणार नाहीत.

हे पुन्हा पुन्हा एकच विचारत होते असं तू लिहिलंस. मी आज यांना विचारलं की काय विचारत होतात. म्हणाले, कोणाला लागलंय, एवढंच.

मी तुला घण घालण्याबद्दल लिहून कळवलं होतं. बूट उघडून बघायला तुला एक मिनिट लागलं असतं. दुसरं काही लिहायचं नाही.

ताई


दि. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल उघडलं त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी लंबूकडे गेलो. त्याने तोंडाने सगळं खरं सांगितलं. त्याला मी शिवी दिली नाही. कोणत्या तोंडाने देणार होतो?

त्यानंतर दुपारी शिफ्ट सुटताना, जिथे टेम्पो उभा राहिला होता तिथेच एका पिंपावर चढून उभा राहिलो आणि दोन्ही टोप्या वर धरल्या. मी सांगितलं की आपण ज्याला मारलं तो निर्दोष होता, पहिला हात माझा होता आणि दारही मी लोटलं.  कोणी वर बघेना. मला वाटलं, आता लाजेने घरी जातील.

ताई, माणसं लाजेत फार वेळ उभी राहू शकत नाहीत. तोफने प्लास्टिकची टोपी माझ्या हातातून हिसकावली आणि दुकानाकडे बोट केलं. तीच दोनशे माणसं, तेच चेहरे. कोणीतरी रॉकेलचा डबा आणला. काचा फुटल्या. आत तो विकणारा माणूस खोक्यांमागे लपून ओरडत होता की माल बंद खोक्यात येतो, आत काय असतं ते आपण कधी बघितलंच नाही. खरं सांगत होता की खोटं, मला ठाऊक नाही. पण मला विचारणं भाग होतं. गेल्या खेपेला विचारलं नव्हतं.

मी दारात उभा राहिलो. म्हटलं, याला हात लावायचा असेल तर आधी मला. मला वाटलं होतं की मुकादम म्हणून थांबतील. थांबले नाहीत. तोफने सळई घातली, ती खांद्यावर बसली. कोणी पोटात लाथ मारली. समोरचे दोन दात गेले. मी चौकट सोडली नाही आणि हातही उचलला नाही. हे सगळ्यात कठीण होतं, ताई. माझे हात आपोआप मुठी होत होते आणि मी त्या चौकटीत रुतवत होतो. मग माझ्या कपाळातून रक्त डोळ्यांत आलं आणि मला काही दिसेना, पण डबा उपडा झाल्याचा आवाज आला. लंबूच्या पगारासाठी गेटवर आलेल्या त्याच्या बायकोने तो ओढून घेतला होता. ती मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या नवऱ्याच्या बोटांसाठी पेटवताय, तर मला विचारून पेटवा. तिच्यापुढे कोणी गेलं नाही.

पोलीस आले. दुकानाला टाळं लागलं, खोकी जप्त झाली. कातरून बघितलं तर जवळजवळ सगळ्यांत प्लास्टिकच निघालं. भाऊजींना मारल्याबद्दल मी माझ्याविरुद्ध जबाब दिला आहे. पुढे जे होईल ते होवो.

त्यांची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. मागितली तरी बोटं वाकणार नाहीत, एवढं माहीत आहे. ते काय म्हणतात ते लिही. काहीच म्हणत नसतील तर तेही लिही.

तुझा,
बारक्या


दि. २९ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

लिहिला बघ आशीर्वाद. जखमा चिघळू देऊ नकोस, आणि दात बसवून घे. असाच राहिलास तर तुझं बोलणं कोणाला कळणार नाही. तसंही फारसं कळत नव्हतं.

तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे खिडकीशी बसले होते. संपल्यावर विचारलं की दुकानातला माणूस जगला का. जगला म्हटल्यावर मान हलवली आणि बाहेर गेले.

इकडचं सांगते. यांच्या जागेवर आता मी बसते. हे शेजारी बसून तोंडाने सांगतात आणि मी रापी चालवते. पहिले चार जोड मी बिघडवले. पाचव्याला यांनी, चालेल, म्हटलं, आणि लगेच ओरडले की शिवण वाकडी आहे. आम्ही संसारात एवढे कधी भांडलो नाही जेवढे या महिन्यात भांडलो. मी एकदा बूट चढवायचा लाकडी फरमा फेकून मारला. यांनी डाव्या हाताने झेलला आणि स्वतःच चकित झाले. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हे हसले.

तुझ्या कारखान्यातली माणसं बसने येतात. दारात चपला काढून उभी राहतात आणि आत या म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. तोफही आला होता. हे त्याला उठून पाणी देतील असं मला वाटलं नव्हतं, आणि दिलंही नाही. पण त्याच्या पायाचं माप घ्यायला मला सांगितलं. कातडं पातळ आहे, वर्षाच्या वर टिकणार नाही, हेही त्याला सांगितलं. तो हो हो म्हणत घाम पुसत होता.

तुझ्याबद्दल विचारलंस. मी दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा सरळ विचारलं की त्याला माफ केलं का. यांनी आधी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला. मग म्हणाले की ते माझ्या हातात नाही, हाताच्या हातात आहे. ठणकतो तेव्हा तुझा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि तुला दारात चिरडावंसं वाटतं. ठणकायचा थांबला की तुझी आठवणच येत नाही. जोडाचं, शिवणीचं काहीतरी मनात असतं. यापेक्षा जास्त आत्ता जमायचं नाही, असं तुला कळवायला सांगितलं आहे.

सकाळी गारठ्याने तो फार ठणकतो. ऊन चढलं की थांबतो.

तू दुपारी ये.

तुझी,
ताई