दादाच्या सत्काराचा तुकडा

२ फेब्रुवारी, रवि. नांदेड
नवं मशीन बसून आठ दिवस. मदरबोर्ड, प्रोसेसर, बत्तीस जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी. जुनं फक्त कॅबिनेट आणि एक हार्ड डिस्क. बटण दाबलं की लगेच चालू होतं. पण भाचीच्या, प्रज्ञाच्या लग्नाच्या फिल्मचं प्रोजेक्ट उघडलं की पूर्वीचंच. नवरी दोन पावलं चालते, थांबते. आवाज पुढे जातो, चित्र मागे राहतं.
दुसऱ्या कुणाची फिल्म असती तर एव्हाना सोडून दिली असती.

३ फेब्रु.
उदगीरहून आक्काचा फोन. प्रज्ञाचं डोहाळेजेवण सोळा तारखेला.
"दादालाबी बोलावून राहिले. तू ती फिल्म नीट करून आण. त्याच्या सत्कारासकट. सगळ्यांसमोर लावू."
"येईल का तो?"
"न्हाई आला तर तुझं नशीब. आला अन् फिल्म न्हाई, तर माझं."

दीड वर्ष झालं. आक्काच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. सत्काराचा भाग लागला. व्याह्यांना टॉवेल-टोपी, सरपंचाला शाल, आचाऱ्यालाही टॉवेल-टोपी. दादाला नाही. मुलीचा थोरला मामा. तो शेवटपर्यंत बसला, मग चपला घालून जळकोटला निघून गेला. तेव्हापासून माझा फोन घेत नाही. मशीन अडकलं, तुकडा गळाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यावर तो आक्काला म्हणाला, "मशीनला माझंच तोंड दिसलं होय?"

५ फेब्रु.
टास्क मॅनेजर उघडून बसलो. प्रोसेसर वीस टक्के. ग्राफिक्स कार्ड शून्य, मधूनच एक. म्हणजे कार्ड आहे आणि कामाला नाही.
मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावलेली. जुन्या मशीनला कार्डच नव्हतं. हात सवयीने तिथेच गेला. काढून कार्डाला लावली.
थोडा फरक. नवरी आता चार पावलं चालते.

६ फेब्रु.
ज्यांनी सगळं बसवून दिलं त्या सलीमभाईंना फोन. आज बोललो ते एवढंच.
"सर, सामान एकदम नवं हाय. सामानावर शक घेऊ नका. सेटिंगमधी कार्ड चालू केलं का?"
केलं नव्हतं. प्रोग्राम अजून जुन्या मशीनच्याच समजुतीत. चालू केलं. टेम्पररी फायली जुन्या हार्ड डिस्कवर जात होत्या, त्या एसएसडीवर वळवल्या. रिकाम्या प्रोजेक्टात एकच तुकडा टाकून पाहिला. पाण्यासारखा चालला.
लग्नाचं प्रोजेक्ट उघडलं. अडकलं.

८ फेब्रु., शनि.
सलीमभाई स्वतः आले. बऱ्याच दिवसांनी घरात दुसरं माणूस. खुर्चीवरचे कपडे उचलायला वेळ लागला. त्यांनी टाइमलाइन पाहिली आणि हसायला लागले.
"या अल्ला. पाच तास? एकाच पट्टीवर? अन् हरेक तुकड्याला फुलांची चौकट?"
"सत्कार तोडता येत नाही, सलीमभाई."
"फिल्म तोडू नका ना. काम तोडा. समदं गाव एका जीपमधी बसवल्यावर इंजिन काय करंल?"

त्यांना कसं सांगू. आमच्या धंद्यात बुद्धवंदना आखडती घेतलेली चालते, जेवणावळ तर कुणी बघतही नाही. सत्कार मात्र अख्खा लागतो. ज्याच्या हातात टॉवेल-टोपी पडली तो दिसलाच पाहिजे. भाग पाडले तर सांध्यात माणूस हरवतो. म्हणून मी कधी भाग पाडत नाही. सगळं एका पट्टीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
एवढं करून दादाच हरवला.

चहा घेऊन गेले. कप दुपारपर्यंत तसाच ठेवला.

१० फेब्रु.
अकरा भाग केले. हळद, वरात, वंदना, सत्काराचेच चार. फुलं काढली, शेवटी एकदाच टाकीन. प्रत्येक भाग न अडता चालतो.
मशीनचं काहीच चुकलं नव्हतं.

दिवसभर लग्न पाहिलं. पाच तासांत मी कुठेच नाही. कॅमेरा माझ्याकडे होता, हे उघड आहे. तरी शोधत होतो. एकदा स्टीलच्या टाकीवर कोपर दिसलं, बहुधा माझं. बहुधा नाही. मी कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे देणार?

११ फेब्रु.
आज दादाची जागा. सत्काराचा दुसरा भाग. सरपंचांची शाल, मग लगेच नवरदेवाचे काका. मध्ये काही गळाल्यासारखं दिसत नाही. दोन्ही टोकं सरळ कापलेली, सांधा बेमालूम जुळवलेला. मशीन अडकून तुकडा गळाला तर भोक राहतं. हे प्रोग्राममधल्या कापायच्या ब्लेडने केलेलं आहे. ब्लेड माझ्याच हातात असतं.

मूळ फाइल काढली. पाहिली.

(नंतर.) दादा स्टेजवर. दाजी टॉवेल-टोपी पुढे करतात. तो घेत नाही. थेट कॅमेऱ्याकडे बघतो. बँड वाजतोय, तरी आवाज येतो:
"एकट्याची न्हाई घ्यायचो. धाकटा मामा कुठंय? बाळू, ठेव की रं ते डबडं. ये वर."
हात पुढे करून उभा. चित्र किंचित हलतं. मग कॅमेरा वळून मांडवाच्या झालरीवर जातो आणि तिथेच राहतो. परत दादावर येतो तेव्हा टोपी त्याच्या डोक्यावर आहे आणि तो खाली बघतोय.

१२ फेब्रु.
कुणी कॅमेरावाल्याशी बोललं की तो तुकडा कापायचा. वीस वर्षांची सवय. "ए भाऊ, माझा काढ की", "लाईट डोळ्यात येऊन राहिली", सगळं कापतो. चेहरा बघत नाही. ओठ लेन्सकडे हलले की हात चालतो.
दादाचेही हलले होते.
मांडवात मला ऐकू आलं होतं का, आठवत नाही. आलं असावं. नाहीतर झालरीचं चित्र एवढा वेळ कोण घेतं.

१४ फेब्रु.
तुकडा अख्खा घातला. झालरीसकट. आवाज साफ करायला घेतला आणि सोडून दिला. अकरा भाग जोडले, फुलं टाकली, एक्सपोर्ट लावलं. जेवण होईपर्यंत संपलं.
एवढ्यासाठी मशीन बदललं. जुन्यावरही झालं असतं, मूळ फाइल उघडली असती तर. दीड वर्षात उघडली नाही.

१६ फेब्रु., रवि. उदगीर
दादा आला नाही. वहिनीही नाही. पाय दुखतोय, असा निरोप.
आक्काने तरी फिल्म लावली. टीव्हीवर दादाचा हात पुढे आला तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "मामा, तुम्हाला बोलवून राहिले की ते."
भांडी आवरताना आक्काने विचारलं, "ह्यात मशीन कुठं अडकलं?"
"नाही अडकलं. मीच कापलं. बघितलं नाही कोण आहे ते."
तिने हातातलं ताट पुसून ठेवलं. "हे मला सांगून काय उपेग?"

१७ फेब्रु. जळकोट
नांदेडच्या बसमधून मध्येच उतरलो. खिशात पेन ड्राइव्ह.
वहिनींनी दार उघडलं. "बस," म्हणाल्या. मागच्या अंगणात नळ चालू होता.
"कोण हाय?" दादाने तिकडूनच विचारलं.
वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.
"बाळू," मी म्हणालो.
नळ तसाच. बादली भरून पाणी फरशीवर पडायला लागलेलं ऐकू येतं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. तेव्हापासून बसून हे लिहितोय. पेन ड्राइव्ह पुढे करायचा नाही. आधी सांगायचं, मी कापलं. मग त्याने काय हवं ते
नळ बंद झाला.