ड्रमावरची खडूची रेघ

आई,

चारा आणायला जाते. बादलीत शेण कालवून ठेवलंय, ते दुपारी टाकीत ओता. नाक मुरडलंत तरी चालेल.

एक विचारायचं होतं. जुन्या पिंपात उपडा ड्रम बसवून मी गोबरगॅस केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "शेणाच्या गॅसवरचा चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही." बरं. पण मी रोज निघताना पिंपाच्या काठाशी ड्रमावर खडूने रेघ मारते, आणि परत येते तर ड्रम चार बोटं खाली बसलेला, म्हणजे तेवढा गॅस गेलेला. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. आधी उंदरांवर संशय घेतला, मग शेजारणीवर. काल तुमचं चहाचं पातेलं घासायला घेतलं. चुलीवर ज्याचं बूड कोळशासारखं व्हायचं, ते आठ दिवस लख्ख आहे. हे गणित काही जमत नाही.

टाकी गळते म्हणून तुमचे चिरंजीव आज संध्याकाळी ती मोडायला निघालेत. गळत नाही, हे त्यांना तुम्ही सांगता, की मी पातेलं दाखवू?

तुमची सून