रबराच्या मुठीची सुरी

कळंब

तीर्थस्वरूप सारजाअक्कांच्या पायांशी धाकटा भाऊ महारुद्र याचा दंडवत. इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत (सर्व मंडळी म्हणजे मी). तुमच्या गुडघ्यांचं आणि बोटांच्या सुजेचं काय म्हणणं आहे? फोनवरच विचारलं असतं, पण मी सुरीबद्दल बोललो की तुम्ही म्हशीबद्दल सांगता आणि माझं निम्मं राहिलेलं असताना "बरं, ठिवते" म्हणता. म्हणून पत्र. चिरंजीव अमरसिंह वाचून दाखवील. त्यानं मधली वाक्यं गाळू नयेत, मामाला सगळं कळतं.

कारण असं की मागं दिवाळीत तुम्ही म्हणाला होता, ओल्या हातात लाकडी मुठीची सुरी सटकते, वांगी चिरायची म्हटलं तरी जिवावर येतं. तुम्ही विसरलाही असाल. मी विसरलो नाही, कारण त्यानंतर मला कुणी काही काम सांगितलेलंच नाही. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून मी जुन्या करवतीच्या पात्यांच्या सुऱ्या घरी घडवत बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे (हरणाबाई म्हणायची, घरात भाजीपेक्षा सुऱ्या जास्त झाल्यात, ती गेल्यापासून ते फारच खरं झालंय). तर ठरवलं, अक्कांच्या सुरीला रबराची मूठ बसवायची. त्यात आहे काय? पात्याच्या शेपटाला दोन्ही अंगांनी रबराचे तुकडे चिकटवायचे आणि आरपार रिवेट ठोकायच्या. बोलायला सोपं.

पहिलं रबर माझ्याच जुन्या स्लीपरचं घेतलं. निळंशार, मऊ, हाताला गोड. शेजारच्या शिवप्पानं सुरी उलटसुलट पाहिली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अण्णा, दुसऱ्या पायाची कुठंय?" म्हणून मग साखर कारखान्याच्या भंगारातून जाड काळ्या पट्ट्याचा तुकडा आणला. कापला, घासला, झटपट चिकटणारा गम लावला. वर्कशॉपात असतो तर वाईसमध्ये आवळून घरी गेलो असतो. इथं वाईस नाही, म्हणून मुठीतच गच्च दाबून धरला. गम कडेनं बाहेर आला आणि सुरीसकट माझी मूठ बंद झाली. अशा वेळी माणूस घरात हाक मारतो. मी तोंड उघडलंही होतं, मग आठवलं. उंबऱ्यात जाऊन बसलो, कुणी दिसलं तर सांगावं म्हणून. दूधवाली नागूबाई आली. सुरी धरून तिचीच वाट बघत बसलेला म्हातारा पाहून ती जागीच थबकली. बोलवावं म्हणून मी हात हलवला, पण हलला तो नेमका सुरीचा. अजूनही ती दूध फाटकाशी ठेवून पळते. शेवटी मीच गरम पाण्यात हात बुडवला, वर गोडेतेल ओतलं आणि कातडं सोडवलं. हरणाबाई असती तर तिनं तेल ओतलं असतं आणि तोंडही सोडलं असतं. दोन्ही कामं मलाच करावी लागली.

आता राहिली रबरातली रिवेटांची भोकं (पात्याला ती आधीच होती). रबराचा स्वभाव असा, की ड्रिलनं पाडलेलं भोक ड्रिल निघाला की पुन्हा आक्रसतं. त्यावर आमचा जुना उपाय म्हणजे खिळा लालभडक तापवून आरपार घालायचा. घातला. अक्का, त्या वासाचं वर्णन अमरसिंहाच्या तोंडून ऐकण्यासारखं नाही. कुणाच्या तरी घरात वायर जळतेय म्हणत शिवप्पा धावला आणि त्यानं खांबावरचा खटका ओढून गल्लीची लाइटच बंद केली. ज्यांना वास आला नव्हता ते पंखा का थांबला म्हणून बाहेर आले, आणि अख्खी गल्ली माझ्या अंगणात. आधी सगळे मला बोलले, मग सुरी बघून हसले, मग बसलेच. मी चहा टाकला. कप पुरेनात, पेले काढले, शिवप्पाला तर वाटीत दिला. त्याच्या बायकोनं हरणाबाईच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसली आणि जाताना म्हणाली, "अण्णा, जिवाला जपा." दिवसकार्यानंतर घरात इतकी माणसं पहिल्यांदाच आली होती. मला फार बरं वाटलं.

सुरी तयार आहे. ओल्या हातातून सटकली तर नाव बदलीन. लहानथोरांना यथायोग्य.

तुमचा,
महारुद्र

ता. क. अमरसिंह बाजाराला कळंबला येतो खरा, पण सुरी त्याच्याजवळ देणार नाही. मुठीला शेवटचा आकार द्यायला तुमच्या पकडीचं माप लागतं. मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर मूठ दाबली की ते मिळतं, पण तो गोळा सोनारीहून पाठवू नका. बार्शीला गाडी बदलेपर्यंत तो फुगेल. तुम्हीच या. कणीक इथं आहे.

आणखी ता. क. अमरसिंहा, इथून पुढचं वाचू नकोस. कागद आईला दे आणि म्हशीकडं जा. अक्का, तुम्हाला अक्षर लावता येतं, सावकाश लावा. दुसऱ्या दिवशी सुरीत भोक पाडायचं काहीच उरलं नव्हतं. तरी मी खिळा तापवला आणि उरलेल्या पट्ट्यात घातला. आधण मोठ्या पातेल्यात ठेवलं, कप-पेले धुऊन मांडले. कुणी आलं नाही. शिवप्पानं घरातूनच आवाज दिला, "अण्णा, रबरच हाय न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." एवढंच. मग आधण ओतून टाकलं.

मापाचं खोटं लिहिलं. शाळेत जाताना तुम्ही माझं मनगट ज्या हातानं धरायचा, त्या हाताचं माप मला विचारावं लागत नाही. मूठ कधीचीच बरोबर बसली आहे. तरी या. मला घर खायला उठतं.