न दुखणारा पाय

३ मार्च
मधुमेही बंधूंनो! आपल्या चहातली साखर कुणी पळवली? रविवारच्या युनियनच्या गेट-मीटिंगमधल्या माझ्या भाषणाची सुरुवात ठरली. कारखान्यातले निम्मे माझ्यासारखेच गोळ्या खाणारे. बायका आणि डॉक्टर यांची युती फोडून काढणार.

५ मार्च
मॅनेजरने कँटीनचा गोड चहा बंद केला. मी त्याच्या केबिनच्या दाराला लाथ घातली. फळीचे तुकडे, चपलेला भोक. मला काही जाणवलंच नाही. पोलादी पाय! शुगरबिगर सगळं थोतांड.

६ मार्च
घरभर रक्ताचे ठसे. बायको फडकं घेऊन मागे. अहो, तळव्यात ढलपी घुसलीय, बोटभर! दुखत नाही, म्हणजे काही नाही. पक्कड लावून उपसली. डॉक्टरकडे चला म्हणते. शत्रूच्या छावणीत? सभेनंतर बघू.

८ मार्च
पाय लाल, टरारून फुगलेला. शरीर लढतंय, लढू द्यावं. फोड दाढीच्या ब्लेडने कापला. आतलं पाणी काळपट. वासाने मेहुणा जेवणावरून उठला. नाजूक घराणं.

९ मार्च
दात वाजतात. जोश असावा. लाली गुडघ्याकडे चढतेय. बायको रडून म्हणाली, खड्ड्यात गेली तुमची सभा, आधी पाय दाखवा! मी ताट भिंतीवर फोडलं. उद्या पाय आपटून आपटून बोलणार.

१० मार्च
(नंतर लिहितोय.) सभेतलं 'मधुमेही बंधूं'पर्यंत आठवतं.

१५ मार्च
हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई चणीने लहान, आवाज माझ्याहून मोठा. मांस आतून सडत वर चढत होतं म्हणाल्या. दोनदा कापून काढलं, तिसऱ्यांदा गुडघ्याखालचा पायच. दुखत नव्हता, कारण नसा आधीच मेल्या होत्या. निषेध नोंदवला. पण तेव्हा भूल उतरली नव्हती, कुणाला कळला नाही.

२० मार्च
वॉर्डात सभा. श्रोते सहा खाटा. भाषण नवं. मधुमेही बंधूंनो, आपलंच अंग आपल्याला फसवतं! मोजे काढा! समोरचा ड्रायव्हर म्हणाला, पुढारी, आधी तुमचे काढा.
एक काढला. हात सवयीने दुसऱ्याकडे गेला, चादरीवर आपटला.
कुणी हसलं नाही. बायकोने उरलेला तळवा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. टाच फाटलेली, भेगेत ओलं रक्त. दुखतंय का हो, तिने हळूच विचारलं.
नाही.
मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडलो. दुखत नाहीये! बंधूंनो, मोजे काढा आणि तळवे बघा!